डी९० कॅमेरा बदलायचा का? : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

काल भाचीची मॅच होती. बॅडमिंटन, बंदिस्त हॉल. ४३८ फोटो काढले, पाठवण्याजोगे निघाले २६. तेही तिनं एकेक मोठा करून पाहिले आणि विचारलं, "मामा, मागची खुर्ची एवढी छान आलीय, मग मीच का अशी?"

प्रश्न रास्त आहे. खुर्चीच्या पाठीची जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि भाचीचा चेहरा वाफ धरलेल्या काचेआडून पाहावा तसा. ताईचं म्हणणं, कॅमेरा म्हातारा झाला, सोड आता त्याला. घरीही तेच मत. मलाही दोनेक वर्षं तसंच वाटतंय. पण ‘म्हातारा झाला’ हे काही निदान नव्हे, माणसाच्या बाबतीतही नव्हे. काय बिघडलंय ते न शोधता नवा घेतला, तर दोष कॅमेऱ्यात होता की माझ्या हातात, हे कायमचं गुलदस्त्यात राहील.

म्हणून ही वही. नियम दोनच. वाया गेलेला फोटो डिलीट करण्याआधी तो का वाया गेला ते लिहायचं. आणि मार्च उजाडेपर्यंत नव्या कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघायचे नाहीत.

कॅमेऱ्याची कुंडली लिहून ठेवतो. निकॉन डी९०, ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला, मी घेतला २००९ मध्ये. १२.३ मेगापिक्सेल, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) २०० ते ३२००, सेकंदाला साडेचार फ्रेम. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर (आतून आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) म्हणून तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला होता. मी त्यावर आजवर तीन व्हिडिओ काढले असतील, त्यातला एक चुकून. लेन्स तीन: सोबत आलेली १८-१०५, एक ५० मिमी एफ/१.८ आणि एक ८५ मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त). मॅचला ८५च लावतो.

१४ जानेवारी

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, काढला. कॅमेऱ्याच्या मेनूत हा आकडा कुठेच नाही, पण प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो लपलेला असतो. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामला ताजी फाइल दिली की दाखवतो. माझा आकडा: ८७,४१२. म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच हजार.

कंपनीनं हे शटर १ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. हा आकडा ऐकला की लोक तो औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा धरतात. तसं नाही. काही शटर ६० हजारांवर जातात, काही २ लाखांनंतरही खटखटत राहतात. पण एका मॅचला चार-पाचशे क्लिक होत असतील, तर उरलेले साडेबारा हजार किती मॅचचे, हा हिशेब डोक्यात आला तो आलाच.

१८ जानेवारी

आज साफसफाई आणि किरकोळ तपासण्या.

बॅटरी: मेनूत ‘चार्जिंग लाइफ’ दिसतं, ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. एक मूळ बॅटरी ३ वर, दुसरी १ वर. तिसरी, कुठली तरी स्वस्तातली, पोटातून फुगली होती. ती कप्प्यात अडकली असती तर काढताना रडलो असतो. ती ई-कचऱ्यात.

घड्याळ: आत एक छोटी वेगळी बॅटरी असते, मुख्य बॅटरीवरून चार्ज होणारी. दोन दिवस चार्ज झाली की तीनेक महिने घड्याळ चालवायला हवी. माझी आता काही मिनिटंही टिकत नाही. मुख्य बॅटरी काढली की तारीख गेली, आणि ‘क्लॉक’ ही अक्षरं लुकलुकायला लागतात. त्यामुळे मागच्या वर्षीचे कितीतरी फोटो कॉम्प्युटरवर भलत्याच वर्षात जाऊन बसलेत.

सेन्सर: एफ/१६ ठेवून फिकट भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून एक फोटो. वरच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांची अख्खी वस्ती. आरसा वर करून ब्लोअरनं हवा मारली, सात ठिपके गेले, दोन राहिले. तोंडानं फुंकर मारायचा मोह आवरला. थुंकीचा एक थेंब सेन्सरवर पडला की तो धुळीपेक्षा वाईट.

मग लेन्सचं झाकण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर. अंधारात ११ ठिपके चमकले, दुसऱ्यांदा घेतलं तर त्यातले ९ त्याच जागी. हे सेन्सरचे ‘हॉट’ पिक्सेल, वयाबरोबर वाढतात आणि सेन्सर तापला की जास्त दिसतात. मोठ्या एक्स्पोजरला कॅमेऱ्यातला नॉइज रिडक्शन (दाणे-ठिपके कमी करण्याची सोय) चालू ठेवला तर शटर मिटून तेवढ्याच वेळाचा आणखी एक फोटो घेतला जातो आणि हे ठिपके वजा होतात. १/५०० सेकंदाच्या फोटोत ते दिसतच नाहीत. माझ्या तक्रारीशी यांचा संबंध नाही.

एकूण: सोळा वर्षांच्या मानानं तब्येत ठणठणीत. मग चेहरा का धूसर?

१९ जानेवारी

दुसरा नियम मोडला. रात्री साडेबाराला. एका रिव्ह्यूवरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सकाळी शरमेनं निदान गणित तरी केलं.

डी९०चा फोटो ४२८८ गुणिले २८४८ पिक्सेल. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या मापानं तो १४.३ गुणिले ९.५ इंच होतो, म्हणजे ए४हून मोठा. मी आजवर याहून मोठा प्रिंट एकदाच काढलाय. आता २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर घ्या: ५५६८ गुणिले ३७१२. मेगापिक्सेल १.७ पट वाढले, पण रुंदी वाढली १.३ पट. आकडा क्षेत्रफळाचा असतो आणि डोळा बघतो लांबी-रुंदी, त्यामुळे ‘जवळजवळ दुप्पट’ हे कानाला लागतं तेवढं डोळ्याला लागत नाही. मेगापिक्सेल हे कारण खोडलं.

फोनचाही विचार केला, कारण घरात कोणीतरी ते विचारणारच होतं. रात्री फोन एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो, म्हणून त्याचे अंधारातले फोटो थक्क करतात. पण समोरचं माणूस एका जागी असेल तर. स्मॅश मारणारी मुलगी कुठल्याच दोन फ्रेममध्ये एका जागी नसते.

२६ जानेवारी

दुसरी मॅच. ५१२ फोटो. यावेळी घरी येऊन एकही उडवला नाही, पहिले १०० वाईट फोटो घेऊन बसलो आणि प्रत्येकाच्या कपाळावर कारण लिहिलं. तीन तास लागले.

फोकस मागे गेला: ४७. हललेला: १८. वेळ चुकली, म्हणजे शटल फ्रेमच्या बाहेर किंवा डोळे मिटलेले: १६. उजेड किंवा रंग बिनसला: १४. इतर: ५, त्यात एक पंचांच्या कोपराचा.

उजेडाच्या १४ फोटोंनी आधी घोळात पाडलं. मॅन्युअल मोडवर, एकाच सेटिंगवर काढलेल्या लागोपाठच्या तीन फ्रेम: पहिली ठीक, दुसरी अर्ध्या उजेडाची आणि पिवळट, तिसरी पुन्हा ठीक. मला वाटलं शटरच गेलं. ते नव्हे, हॉलचे दिवे. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० सेकंद म्हणजे २ मिलिसेकंद, आणि दिव्याचा एक हेलकावा १० मिलिसेकंदांचा. शटर नेमकं ओहोटीत उघडलं की फोटो मेला. १/१०० ठेवलं तर पूर्ण हेलकावा पकडला जातो, दिवा समान येतो आणि खेळाडूचा हात पंख्याच्या पात्यासारखा. काही नव्या कॅमेऱ्यांत यावर इलाज असतो: कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि शटर क्षणभर रोखून नेमकं भरतीला सोडतो. डी९०मध्ये तो नाही. बदलण्याच्या बाजूनं हे पहिलं खरं कारण.

पण १४च. ४७चं काय?

२ फेब्रुवारी

जुन्या हार्डडिस्कवर २०११ मधली एक रॉ फाइल (सेन्सरकडून आलेली कच्ची माहिती) सापडली. आयएसओ ३२००, मेणबत्तीचा उजेड. तेव्हा मी ती ‘दाणेदार’ म्हणून टाकून दिली होती. आजच्या सॉफ्टवेअरच्या नॉइज काढण्याच्या सोयीतून तीच फाइल काढली आणि चाट पडलो. पापण्या दिसतायत. सेन्सर तोच, १२ बिटची फाइल तीच, तिचा अर्थ लावणारा तेवढा शहाणा झालाय. तेव्हा मी फक्त जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यानं तयार करून दिलेला फोटो, ठेवत असतो तर ही चैन करता आली नसती.

लगेच परवाच्या मॅचच्या फाइलींवर तोच प्रयोग. दाणे गेले. चेहरा धूसरच. आणि खुर्ची, अर्थातच, आणखी सुंदर.

इथे थांबलो. नॉइज असता तर खुर्चीवरही असता. सेन्सर थकला असता तर खुर्चीसाठीही थकला असता. भाचीनं पहिल्याच दिवशी उत्तर सांगितलं होतं आणि मी ते विनोद म्हणून वहीत लिहिलं.

९ फेब्रुवारी

आज दिवसभर पट्टी.

मांडणी: टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका, दर्शनी बाजू कॅमेऱ्याला समांतर, त्यावर ठळक अक्षरं. खोक्याला लागून एक फूटपट्टी तिरकी टेकवलेली, तिचा १५चा आकडा बरोबर खोक्याच्या दर्शनी बाजूच्या रेषेत. फोकस खोक्यावर घ्यायचा, पट्टीवर नाही. फोकसचा खरा भाग व्ह्यूफाइंडरमधल्या (डोळा लावायच्या खिडकीतल्या) चौकोनापेक्षा मोठा असतो, आणि तिरक्या पट्टीवर तो कुठला आकडा पकडेल याचा नेम नाही. ट्रायपॉड, सेल्फ टायमर, ८५ मिमी, एफ/१.८, अंतर दीड मीटर. या अंतरावर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम २ सेंटिमीटर, म्हणजे चूक लपायला जागा नाही.

व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो, दर वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, दहा.

लाइव्ह व्ह्यूचे दहाही: १५चा आकडा कोरल्यासारखा, खोक्यावरची अक्षरं काळीभोर. व्ह्यूफाइंडरचे दहाही: अक्षरं मऊ, पट्टीवर स्पष्ट भाग मागे सरकलेला. पट्टीचा तिरकेपणा वजा करून खोलीत मोजलं तर ३ सेंटिमीटर मागे. दहाच्या दहा वेळा, एकाच दिशेला.

मग ५० मिमी. जवळ नेऊन खोका फ्रेममध्ये तेवढाच मोठा दिसेल असा ठेवला, म्हणजे तुलना खरी. पुन्हा ३ सेंटिमीटर मागे. दोन वेगळ्या लेन्स एकसारखी चूक करणार नाहीत. दोष बॉडीत.

कुठे, तेही जवळजवळ नक्की सांगता येतं. डीएसएलआरचा मोठा आरसा मधल्या भागात थोडासा पारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला उजेड मागच्या एका छोट्या आरशावर पडतो आणि तो आरसा त्याला खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. लेन्सपासून त्या सेन्सरपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. छोटा आरसा केसभर जरी ढळला, तरी फोकसची यंत्रणा ‘झालं’ म्हणते तेव्हा मुख्य सेन्सरवर ते झालेलं नसतं. लाइव्ह व्ह्यूत हे आरसे वाटेत येतच नाहीत, मुख्य सेन्सर स्वतःच चित्र बघून ठरवतो. म्हणून तिथे सगळं आलबेल.

हॉलमध्ये भाची माझ्यापासून ७ मीटरवर असते. दीड मीटरवरच्या ३ सेंटिमीटरचे तिथे होतात साधारण ७० सेंटिमीटर. खुर्ची बरोबर तिथेच होती.

आणि १८-१०५वर हे कधी कळलं नाही, कारण उन्हात एफ/८ला खोली एवढी असते की चूक बरीचशी पोटात जाते. फार तर ‘जरा मऊ येतात हल्ली’ असं वाटतं. तेच वाटत होतं मला. दोन वर्षं.

१० फेब्रुवारी

दोन वर्षं. हा आकडा काल लिहिला आणि रात्रभर टोचत राहिला.

दोन वर्षांपूर्वी गाडीनं अचानक ब्रेक लावला आणि मागच्या सीटवरचा कॅमेरा खाली आपटला. बॅगेत होता, पण बॅगेची चेन उघडी होती. चेन मीच उघडी ठेवली होती. उचलून दोन फोटो काढून पाहिले, आले, बॅगेत ठेवला. घरी कोणाला बोललो नाही. त्यानंतर कॅमेरा म्हातारा व्हायला लागला.

१५ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्या काकांकडे दिला. खोका-पट्टीचे फोटो सोबत नेले होते. त्यांनी ते पाहिलेच नाहीत. लेन्स काढली, आरसा चिमट्यानं उचलला, आत टॉर्च मारली आणि मान वर न करता विचारलं, "पडला होता ना?"

मी म्हटलं, "बॅगेत होता."

"बॅगच पडली असेल मग," काका म्हणाले.

छोटा आरसा ज्या पिनवर टेकतो ती पिन फिरवता येते, बारीक ॲलन किल्लीनं. काकांच्या मते ती सरकली होती. पुढच्या काही मॉडेलांमध्ये फोकस फाइन-ट्यूनची सोय मेनूतच असते, घरबसल्या पुढे-मागे करता येतो. डी९०मध्ये ती नाही, म्हणून किल्ली. आठवडाभरात मिळेल.

घड्याळाच्या बॅटरीचं विचारलं. ती बदलायला बॉडी बरीच खोलावी लागते. काकांनी सल्ला दिला, "तारीख हातानं टाका. खोलायचं नसलेलं खोलू नये." मान्य.

२२ फेब्रुवारी

आला. तीच मांडणी, तोच खोका. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो: आठमध्ये १५ स्पष्ट, दोन किंचित पुढे. इतकी चलबिचल चालायचीच. ५० मिमीही ठीक.

बायकोला खोका आणि पट्टी दाखवून सगळं समजावलं, सीटवरून पडल्याच्या भागासकट. तिचा प्रश्न एकच: "मग नवा नाही ना घ्यायचा?" आत्ता हो म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

१ मार्च

दुरुस्तीनंतरची पहिली मॅच. ४९० फोटो. मागच्या वेळी ५१२पैकी ३८० टाकाऊ होते, यावेळी २१०. एवढ्यावर वही मिटायला हरकत नव्हती. पण पुन्हा पहिले १०० वाईट घेतले.

वेळ चुकली: ३४. उजेड, रंग: ३१. फोकस: १५. हललेला: १२. इतर: ८.

मोठी मजा आहे. सर्वात मोठा दोषी आता मी. सेकंदाला साडेचारऐवजी आठ फ्रेम मिळाल्या तर ३४चे थोडे कमी होतील, पण फटका कधी बसणार हे बोटाला आधी कळावं लागतं आणि ते कुठल्याही बॉडीबरोबर मिळत नाही. उजेडाचे ३१ मात्र माझे नाहीत. फोकसच्या १५ मध्येही एक गोष्ट दिसली: अकरापैकी मधल्याच बिंदूवर विसंबावं लागतं, कारण आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा तेवढा एकच. बाजूचे बिंदू मंद उजेडात चाचपडतात. म्हणून भाची प्रत्येक फोटोत मधोमध, पासपोर्टसारखी.

आता प्रश्न पहिल्यापेक्षा नेटका आहे. उन्हातल्या, घरातल्या, फिरतीच्या फोटोंसाठी डी९० पुरतो. बंदिस्त हॉलमधल्या खेळासाठी पुरत नाही, आणि आता ते मोजून म्हणू शकतो.

८ मार्च

मित्राचा मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) एका सरावासाठी मागून आणला. निकॉन झेड५०, २०१९चं मॉडेल, सोबतची १६-५० लेन्स आणि जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अडॅप्टर.

आधी कौतुक. बॉडी तळहातात मावते. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो, त्यामुळे अंधारा आला, उजळ आला ही भानगडच संपते. चौकोन आपणहून भाचीच्या डोळ्यावर जाऊन बसतो आणि ती पळाली तरी सुटत नाही. फोकस मुख्य सेन्सरच करतो, म्हणजे आरसा नाही, पिन नाही, खोका-पट्टी नाही. दहा मिनिटं मी लहान मुलासारखा खूश होतो.

मग आकडे पाहिले. १६-५० लेन्सचं तोंड ५० मिमीला उघडतं एफ/६.३ इतकंच. एफ/१.८च्या तुलनेत उजेड साधारण बारावा हिस्सा. १/५०० ठेवलं तर आयएसओ आभाळाला जाऊन टेकतो. शहाणी बॉडी, अरुंद तोंडाची लेन्स, अंधारा हॉल: फोटो माझ्या डी९० आणि ८५हून वाईट आले.

म्हणून अडॅप्टर लावून ८५ बसवली. बसली छान. फोकस हातानं करा, म्हणाली.

९ मार्च

काल रात्री या ‘हातानं करा’चा छडा लावला.

माझ्या ५० आणि ८५ या दोन्ही ‘डी’ लेन्स आहेत. यांच्या पोटात मोटर नसते. मोटर बॉडीत असते, आणि माउंटच्या (लेन्स अडकवायच्या कड्याच्या) कडेला एक बारीक स्क्रू-ड्रायव्हरसारखं टोक बाहेर आलेलं असतं. ते लेन्सच्या मागच्या खाचेत शिरतं आणि लेन्स फिरवतं. डी९०वर फोकस करताना जी कर्रर्र होते ती याचीच. ही पद्धत निकॉननं १९८६ मध्ये, एफ-५०१ या फिल्मच्या कॅमेऱ्याबरोबर आणली. माउंट तर त्याहून जुनं, १९५९चं. २०१८ मध्ये मिररलेससाठी नवं झेड माउंट आलं. जुन्या माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर, नव्यात १६. मधली पोकळी भरून काढायला अडॅप्टर. पण त्या अडॅप्टरमध्ये ना मोटर आहे, ना ते फिरणारं टोक. लेन्स उजेड देते, अ‍ॅपर्चर चालतं, फोकस नाही.

धावत्या मुलीवर ८५ मिमी एफ/१.८ हातानं फोकस करणारे लोक जगात असतील. मी करून पाहिलं, ६० पैकी ५ फोटो जमले.

म्हणजे मिररलेसला जायचं तर बॉडी आणि किमान एक मोठ्या तोंडाची नवी लेन्स, दोन्ही एकदम. पूर्ण घर हलवण्यासारखं. पुढे कधीतरी ते करावं लागेलच, नवं काम आता तिकडेच होतंय. पण माझी तक्रार एका हॉलपुरती आहे.

स्क्रूची मोटर असलेली, फ्लिकरवर (दिव्यांच्या त्या हेलकाव्यांवर) इलाज असलेली, फाइन-ट्यून मेनूत असलेली डीएसएलआर बॉडी शोधायला बसलो तर यादी फार लांब निघत नाही. त्यातली माझ्या आवाक्यातली: डी७५००. एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालेली, २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला ८ फ्रेम, फोकसचे बिंदू ५१ आणि त्यातले १५ दोन्ही रेषा ओळखणारे. कार्डाचा खण एकच, हे खटकलं. पण डी९०लाही एकच होता आणि सोळा वर्षांत एकदाही कार्ड मेलं नाही. (हे लिहायला नको होतं.)

नवी नाही, वापरलेली घ्यायची.

२३ मार्च

एक बॉडी पाहायला गेलो. मालक सभ्य, कॅमेरा कपाटातच जास्त राहिलेला. मी खोका आणि पट्टी घेऊन गेलो होतो. मालकांच्या मुलानं विचारलं, "काका, शाळेचा प्रोजेक्ट आहे का?" एका अर्थी हो.

शटर काउंट २१,९६०. या शटरची कंपनीची चाचणी दीड लाखांची. एफ/१६चा फोटो: एक ठिपका. ८५ लावली, तीच ओळखीची कर्रर्र, उलट जरा जोरकस. व्ह्यूफाइंडर आणि लाइव्ह व्ह्यू आलटून-पालटून सहा-सहा फोटो: फरक सेंटिमीटरभर, या वेळी पुढच्या बाजूला. तिथल्या तिथे फाइन-ट्यूनमध्ये थोडं मागे ढकलल्यावर १५ जागेवर आला. माउंटच्या कड्यावर, बॉडीच्या कोपऱ्यांवर पडल्याच्या खुणा शोधल्या. त्या कशा दिसतात हे मला आता माहीत आहे.

घेतली. बॅटरी वेगळ्या जातीची, डी९०च्या एकीचाही उपयोग नाही. तेवढं दुःख झालं.

२९ मार्च

सराव. फ्लिकर रिडक्शन चालू. २४० फोटोंत अर्ध्या उजेडाचे ३. ते चालू असताना सलग फोटोंची गती थोडी मंदावते, कारण प्रत्येक वेळी कॅमेरा दिव्याची वाट बघतो. वेळ चुकल्याचे फोटो भरपूर. ते कोणाच्या नावावर मांडायचे ते ठरलेलंच आहे.

बाजूच्या बिंदूनं फोकस झाला. भाची पहिल्यांदा फ्रेमच्या डाव्या कडेला आहे आणि उजवीकडे शटल येतंय.

३० मार्च

डी९० विकण्याचा विषय काढायच्या आत भाचीनं विचारलं, "मग जुना मला?" दिला. ५० मिमी लावून, दोन बॅटऱ्यांसकट.

मॅचला आता दोन कॅमेरे असणार, फोटो एकत्र क्रमानं लागायला हवेत, म्हणून दोन्हींची घड्याळं सेकंदाला जुळवली. बॅटरी बदलली की डी९०ची तारीख जाणार, हे तिला सांगितलं. तिनं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावली आणि पेननं लिहिलं: ‘आधी तारीख’. पडण्याबद्दलही सांगितलं. बॅगेची चेन तिनं माझ्यासमोर दोनदा लावून दाखवली.

पहिला फोटो तिनं माझा काढला. शटर काउंट ८८,७१९. फोकस बरोबर, उजेड ठीक, मागची खुर्ची धूसर. डोळे मिटलेले. कारण: वेळ चुकली (तिची).